नऊ पानांची फिर्याद

आमच्या घरमालकांनी मला पहिली नोटीस दिली ती मांजराबद्दल. निपाणीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू होऊन मला चार दिवसही झाले नव्हते. आई आणि मी त्यांच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो होतो. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी एक घडी घातलेला कागद पडलेला. आत मोत्यासारखं अक्षर. "विषय : मांजर. कलम एक – आपण राहावयास आल्यापासून एक मांजर आपले खोलीत ये-जा करीत आहे. कलम दोन – सदरहू मांजर वास्तविक आमचे असून त्यास आमचे घरी दोन वेळ दूध मिळते. कलम तीन – सबब आपण त्यास आणखी दूध घालून त्याची सवय बिघडवू नये, ही विनंती. ता. क. – घातल्यास आमची तक्रार नाही."

हे लिहिणारे गृहस्थ माझ्या दारापासून दहा पावलांवर सोप्यात बसले होते. मी कागद घेऊन समोर गेले आणि म्हणाले, "नोटीस मिळाली." त्यांनी मान खाली घातली, कान तांबडे झाले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "व्हय."

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. तेव्हा ते पन्नाशीच्या पुढे होते. आठवड्यातले तीन दिवस सर्व्हिस मोटारीने चिकोडीला जायचे आणि कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज, दस्त, फिर्यादी लिहून द्यायचे. उरलेले दिवस तेच काम घरी सोप्यात चालायचं. ते वकील नव्हते, पण पुष्कळ वकील त्यांनी लिहिलेलाच कागद खाली सही करून पुढे सरकवत, असं मी ऐकलं होतं. डोक्याला पटका, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि पटक्याच्या घडीत खोचलेला टाक. लिहिता लिहिता टाकाचं टोक साफ करायचं असलं की ते डोक्याच्या मागच्या केसांना पुसायचे. त्यामुळे त्यांचं डोकं सगळं पांढरं आणि मागे एवढा एक डाग निळा. त्यांच्या पत्नी आक्का दर रविवारी तो डाग शिकेकाईने घासायच्या आणि सोमवारी तो पुन्हा असायचा.

तोंडाने बोलणं मात्र त्यांना जमत नसे. कुणी काही विचारलं तर "व्हय", "न्हाय", आणि तिसरा शब्द "इरली". आप्पांचं घर जैनांचं. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायच्या. इरली म्हणजे असू दे. त्या एका शब्दावर माणसाने संसार कसा केला याचं मला नवल वाटायचं. आक्कांना एकदा विचारलं, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं माज्यासंगट तीनशे शब्द बोलले असतील बगा. त्यातलं दोनशे इरली."

कागदावर मात्र ते वेगळेच असत. न्हाणीच्या पाण्याबद्दल, आईच्या खोकल्यावर घ्यायच्या काढ्याबद्दल, संक्रांतीला तिळगूळ घ्यायला या म्हणून, अशा कितीतरी नोटिसा मला आल्या. भाडं थकलं तर मात्र एकही नाही. त्या नोटिसा मी वर्गातल्या मुलींच्या निबंधांसारख्या वाचायची आणि मनातल्या मनात गुणही द्यायची. पुढे माझी खानापूरला बदली झाली. तिथल्या खोलीत पहिले कित्येक महिने मी सकाळी दार उघडलं की आधी खाली उंबऱ्याकडे बघत असे. अजूनही कधीतरी बघते.

त्यांचा एक नियम होता. उपाशी माणसाची फिर्याद लिहायची नाही. कुणी तावातावाने आला, कागद पुढे टाकला, की आप्पा विचारायचे, "जेवलासा काय?" नाही म्हणाला की टाक परत पटक्यात. एकदा कोगनोळीचा एक चुलता पुतण्यावर दावा लावायला आला होता. दोघांच्या सामाईक गोठ्याचं काहीतरी भांडण होतं. पहाटेच निघालेला, पोटात काही नाही. आप्पांनी त्याला आत पाठवला. आक्कांनी भाकरी वाढली. तो जेवत असतानाच त्याच्या मागावर पुतण्या आला, तोही आपल्या बाजूने अर्ज लिहून घ्यायला, आणि तोही उपाशीच. आप्पांनी त्यालाही आत पाठवला. स्वयंपाकघर ते केवढं, दोन पाट मांडले की भिंत लागायची. गुडघ्याला गुडघा लावून दोघे जेवले. आक्कांनी मुद्दाम आमटी एकाच भांड्यात ठेवली असणार, असा माझा संशय आहे. दुपारी दोघे एकाच गाडीतून कोगनोळीला परत गेले आणि आप्पांचे दोन रुपये बुडाले. "माज्या भाकरीनं ह्यांचं लई गिऱ्हाईक घालवलं," आक्का म्हणायच्या, आणि त्यात तक्रार कमी आणि अभिमानच जास्त असायचा.

सोप्याच्या आतल्या भिंतीवर कोळशाने तारखा लिहिलेल्या असत. मी सुरुवातीला त्या दूधवाल्याच्या समजत होते. त्या मुदतीच्या होत्या. कर्जाच्या कागदाला कायद्याने तीन वर्षांची मुदत असते. तेवढ्यात कोर्टात गेलं नाही तर मग तो कागद चुलीत घातला तरी चालतो. कुणाची तारीख विसरून जाऊ नये म्हणून आप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाची शेवटची तारीख भिंतीवर लिहायचे, समोर नाव, आणि काम झालं की चुन्याचा हात फिरवायचे. त्या सगळ्यांत एका तारखेसमोर नाव नव्हतं. मार्च महिन्यातली तारीख होती. पाणी भरायला जाता-येता माझी नजर तिच्यावर पडायची.

"ती ह्यांची सवताची हाय," आक्का म्हणाल्या. "दादूची."

दादूची गोष्ट मला आक्कांनीच सांगितली, तीही तुकड्या-तुकड्याने, पापड लाटताना वगैरे. दादू आणि आप्पा एका गल्लीत जन्मले. दादू मराठ्याचा. त्याला सही सोडली तर लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आप्पांना तोंडाने बोलता येत नव्हतं. पण दोघे एकत्र बसले की आप्पा बोलायचे. नुसते बोलायचे नाहीत, कोर्टातल्या मुन्सफाची, शिरस्तेदाराची, खोट्या साक्षीदाराची नक्कल करून दाखवायचे. जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात. तर दादू रोज संध्याकाळी त्या वेळेला यायचा, आप्पांशेजारी पाटावर बसायचा, आणि जेवण झाल्यावर सोप्यात दोघांच्या गप्पा रंगायच्या. आक्का आत भांडी घासता घासता हसायच्या. "नवऱ्याचा आवाज मला त्या दादूमुळं कळला," त्या म्हणाल्या.

मग दादूने तंबाखूच्या वखारींसमोर चहाचं हॉटेल काढलं. आप्पांनी दोनशे रुपये दिले. कागद करायला दादूनेच लावला. म्हणाला, "समद्या जगाचं लिवतोस, माजंबी एक लिव की." आप्पांनी हौसेने लिहून दिला. हॉटेल चाललं नाही. चहा प्यालेल्या माणसाकडे पैसे मागणं दादूला जमत नसे, आणि वखारीतल्या माणसांच्या ते पटकन लक्षात आलं. दोन-अडीच वर्षं रेटलं, आणि एका सकाळी हॉटेलाला कुलूप. दादू बायकोला घेऊन सासरवाडीला, लोंढ्याला निघून गेला. तिथे स्टेशनाबाहेर त्याने पुन्हा चहाचंच दुकान घातलं, असं मागाहून कळलं. जाताना आप्पांना तोंड दाखवलं नाही.

"आमी कधी एक पैसा मागितला न्हाय बगा," आक्का म्हणाल्या. "तरी लाजंनं गेला. आनि जाताना ह्यांचं त्वांड बी संगट घिऊन गेला."

मी राहायला आले ती त्यानंतर. म्हणजे मी जे मुके आप्पा पाहत होते, ते पूर्वी निदान संध्याकाळचा तासभर तरी मुके नव्हते. हे कळल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना. जेवायला बसताना ते पाट भिंतीकडून थोडा अलीकडे ओढून घेत. शेजारी दुसरा पाट मावावा एवढी जागा ठेवायची सवय राहिली होती.

त्यांनी दादूला पत्रं पाठवली होती. तीन पाकिटं. तिन्ही 'घेत नाही' असा शेरा होऊन परत आली. ती टाकाच्या डब्याखाली ठेवलेली मी पाहिली होती. न फोडलेली.

त्या वर्षीचा फेब्रुवारी आला आणि सोप्यात एक अस्वस्थता पसरली. भिंतीवरच्या बाकीच्या तारखांवर चुना फिरत होता. ती बिननावाची तारीख तशीच. आप्पा लिहिता लिहिता थांबून तिच्याकडे बघायचे. एका सकाळी माझ्या उंबऱ्याशी कागद आला.

"विषय : सल्ला. कलम एक – एका इसमाचे दुसऱ्या इसमाकडे येणे आहे. कलम दोन – येणे बुडाल्यास पहिल्या इसमाची हरकत नाही. कलम तीन – दुसरा इसम बुडाल्यास हरकत आहे. कलम चार – मुदतीत दावा न केल्यास दोघांमध्ये एक कागदसुद्धा उरत नाही. कलम पाच – दावा केल्यास दुसरा इसम कायमचा दुखावेल, असे घरातील मंडळींचे म्हणणे. कलम सहा – तथापि पाकीट परत येते, समन्स परत येत नाही. घेतले नाही तर बेलीफ दारास चिकटवितो, आणि तारखेस यावे लागते. सबब काय करावे? आपण शिकलेल्या आहात."

शेवटच्या वाक्याने मी घसरले, हे आज कबूल करते. तीस वर्षांची होते, ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेली, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींना एक बरोबर उत्तर असतं असा माझा ठाम समज होता. घरातील मंडळी म्हणजे आक्का. त्या मला न्हाणीपाशी गाठून म्हणाल्या, "बाई, दोनशे गेलं तर जाऊ द्यात. म्या दोनशाची भाकरी आजवर लोकांस्नी घातलीया. पर कोर्टात वडलं तर दादू परत ह्या सोप्यात यायचा न्हाय. तुमी ह्यांस्नी सांगा."

मला उलट वाटत होतं. कोर्टात का होईना, दोघे एकमेकांसमोर येतील. आले की बोलतील. बोलले की संपलं. मी त्यांच्याच कागदाच्या खाली लिहिलं, "दावा करावा," आणि सही केली. कागद त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

नंतर आठ दिवस ते चिकोडीला गेले नाहीत. सोप्यात बसून एकच काम चाललं होतं. गिऱ्हाईक आलं तर "उद्या" म्हणायचे. डोक्यामागचा निळा डाग कानापर्यंत आला. शनिवारी सकाळच्या शाळेला मी निघाले तर उंबऱ्याशी जाडजूड घडी. वर चिठ्ठी : "तपासून द्यावे."

ती दादूवरची फिर्याद होती. नऊ पानं.

मधल्या सुटीत मी ती वाचायला घेतली. कलम एक असं होतं की वादी व प्रतिवादी एकाच गल्लीत, सहा महिन्यांच्या अंतराने जन्मले. कलम चारमध्ये दोघे वेदगंगेत पोहायला गेले असता वादी बुडू लागला आणि प्रतिवादीने त्यास केस धरून काठावर आणले, 'व केस धरल्याबद्दल वादीने प्रतिवादीस त्याच वेळी शिवी दिली, ती वादी या कलमान्वये मागे घेतो.' पुढे वादीच्या लग्नाची वरात, प्रतिवादीची आई वारली तो दिवस, वादीचा मुलगा सहा महिन्यांचा होऊन गेला तेव्हा प्रतिवादी सलग किती दिवस रोज येऊन नुसता बसून राहिला, हे सगळं. दोनशे रुपये कुठे सहाव्या पानावर आले, आणि तिथेही 'रक्कम प्रतिवादीने मागितली नव्हती, वादीनेच आग्रह करून दिली' असं लिहिलेलं.

मी थक्क झाले, आणि मग मला काळजी वाटली. भर कोर्टात हे वाचलं जाईल. मुन्सफ हसेल, वकील हसतील, उद्यापासून चिकोडीत आप्पांची टिंगल होईल. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांचे कागद नेटके केले त्यांचा स्वतःचा कागद हा असा. मी त्यांना त्यातून वाचवायला निघाले. दौतीतली तांबडी शाई घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. गल्ली गेली, नदी गेली, शिवी गेली, वरात गेली. मुलाच्या कलमाशी माझा हात थांबला होता, हे खरं सांगते. पण तेही काढलं. आठवं पान संपेपर्यंत सुटी संपल्याची घंटा झाली. नवव्या पानावर मी न वाचताच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढली आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर नेहमीच्या सवयीने शेरा दिला : "पाल्हाळ फार. विषयांतर टाळावे."

उरलं ते एक पान. अमक्या दिवशी दिले, अमक्या दिवसापर्यंत फेडायचे होते, फेडले नाहीत, सबब व्याजासह मिळावे.

संध्याकाळी मी सोप्यात बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगते तसं. ते त्या तांबड्या रेघांकडे पाहत राहिले. एकेक पान उलटून शेवटपर्यंत गेले. शेवटच्या पानाशी जास्त वेळ थांबले. मला वाटलं काही बोलतील. मग म्हणाले, "बाईंचं बराबर हाय," आणि एका पानाची स्वच्छ प्रत करायला बसले. नऊ पानं दुसऱ्या दिवशी माझ्या उंबऱ्याशी परत आली. तपासलेले कागद मी कधी टाकत नाही, म्हणून ती माझ्या ट्रंकेत गेली.

मुदतीला आठ दिवस असताना फिर्याद दाखल झाली. दीड महिन्याने तारीख लागली. त्या दिवशी मला शाळेच्या कामासाठी चिकोडीला कचेरीत जायचं होतंच, तेव्हा मी त्यांच्याच मोटारीने गेले. आप्पांनी धुतलेला कोट घातला होता. आक्कांनी डाग घासून घासून पार काढला होता. "फिर्याद लावू दिऊ नका म्हनून तुमाला सांगितलं हुतं म्या," एवढंच त्या मला म्हणाल्या आणि भाकऱ्यांचं गाठोडं आप्पांच्या हातात दिलं. त्यात दोन माणसांचं जेवण होतं. वांग्याची भाजी दादूला आवडते तशी, दाण्याचं कूट जास्त घालून.

कोर्टाच्या व्हरांड्यात ते जिथे रोज बसत तिथे बसले नाहीत. फाटकातून येणारा माणूस लांबून दिसेल अशा जागी बसले. मी माझं काम उरकून आले तेव्हाही ते तसेच फाटकाकडे बघत होते. पुकारा झाला. आत एक तरुण वकील उभा राहिला आणि म्हणाला, मी प्रतिवादीतर्फे आहे. दावा मान्य आहे. मुद्दल, व्याज आणि खर्च सगळं कोर्टात भरलेलं आहे. पाच मिनिटांत कामकाज संपलं. मुन्सफांनी तोंड वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर आप्पांनी त्या वकिलाला गाठलं. मी त्यांना परक्या माणसाशी आपणहून बोलताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"त्यो बरा हाय काय?"

"कोण?"

"दादू."

"मी त्यांना बघितलंच नाही हो," वकील म्हणाला. "त्यांचा मेव्हणा येऊन पैसे देऊन गेला."

आप्पांनी गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. मग त्यांनी विचारलं, "जेवलासा काय?" वकील बिचारा गोंधळला. नाही म्हणाला. आप्पांनी त्याला व्हरांड्यात बसवलं, गाठोडं सोडलं आणि समोर भाकरी ठेवली. तो जेवत असताना ते शेजारी बसून राहिले. स्वतः एक घासही घेतला नाही. परतीच्या मोटारीत निपाणी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. गाव दिसायला लागल्यावर एकच शब्द बोलले. "फिटलं."

रीतसर पैसे मिळाले तेव्हा त्यांनी ते न मोजता आक्कांच्या हातात दिले. भिंतीवरच्या त्या तारखेवर चुना फिरवला. त्यानंतर त्यांनी कुणाचीच फिर्याद लिहिली नाही. पुढे लढाई सुरू झाली, गावोगावची पोरं पलटणीत गेली, आणि त्यांच्या आया आप्पांच्या सोप्यात येऊन बसू लागल्या. आप्पा त्यांची पत्रं लिहायचे, एक पैसा न घेता. मी एकदा खांद्यावरून डोकावून पाहिलं. म्हातारीने सांगितलेलं दोन वाक्यांचं, आप्पांनी लिहिलेलं चार पानांचं, आणि त्यात म्हैस कुठल्या महिन्यात विणार हेसुद्धा. मी तेव्हा काहीच बोलले नाही.

माझी खानापूरला बदली झाली. दोन वर्षांनी आक्कांचं कार्ड आलं. कुणा मुलाकडून लिहून घेतलं होतं. वेडंवाकडं अक्षर, शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. आप्पा गेले, तीन दिवस ताप आला होता, एवढंच. मला रडू आलं ते आधी त्या अक्षरामुळे. त्या घरातून असा कागद कधी बाहेर पडला नव्हता.

दोन-तीन दिवसांनी माझ्या मनात आलं की ही बातमी दादूला कोण कळवणार? खानापूरहून लोंढा जवळ. रविवारी सकाळच्या गाडीने मी गेले. स्टेशनाबाहेर लाकडाच्या ओंडक्यांच्या राशी, आणि त्यांच्या पलीकडे पत्र्याचं चहाचं दुकान. बुटका, टक्कल पडलेला, कप विसळत असलेला माणूस. आक्कांच्या तोंडून ऐकून ऐकून तो माझ्या मनात एकेरीच राहिला होता, तरी तोंडाने मी म्हणाले, "दादूमामा ना? मी निपाणीची. आप्पांच्या घरात भाड्याने राहत होते."

त्याने कप खाली ठेवला. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याला कळलं असावं. "कवा?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो आत जाऊन आला. डोळे पुसलेले होते. मला बाकावर बसवलं, चहा दिला, आणि समोर उकिडवा बसला.

"पाकिटं परत पाठवली म्या," तो म्हणाला. "वाचाय येत न्हाय. मागायचंच लिवलं आसंल म्हनून भ्यालो. मग समन्स आलं, संगट फिर्यादीची नक्कल. तवा मातर बेलीफाला म्हनलो, वाच. आप्पाच्या हातचं हाय, ठेसनातल्या समद्यांस्नी ऐकू दे, वाच. त्यानं वाचलं. दिले, मागितले, दिले न्हाईत. म्या म्हनलो, म्होरं? त्यो म्हनला, म्होरं काय न्हाय, येवडंच हाय. पन्नास वर्सांचं आमचं, बाई. येवडंच? मला वाटलं, आप्पानं मला मनातनं पार काडून टाकला. मग दोनी म्हशी इकल्या, मेव्हण्याजवळ पैसं दिलं. जाऊन उबा कसा ऱ्हानार म्या त्याच्या म्होरं?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले. खानापूरपर्यंत माझ्या कानात ते 'म्होरं?' होतं. तीन पाकिटं परत आलेल्या माणसाला एक कागद असा सापडला होता जो परत येत नाही, आणि जो समोरच्याला कुणीतरी वाचून दाखवतंच. त्यात त्याने जे सांगायचं ते सगळं सांगितलं होतं. तोंडाने हे आप्पांना मला समजावता येणं शक्य नव्हतं. आणि मी शेरा दिला होता.

पुढच्या रविवारी मी ट्रंकेतली नऊ पानं घेऊन पुन्हा लोंढ्याला गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं. दादूने त्यांना चहा देऊन वाटेला लावलं आणि फळकूट आडवं केलं. मी पानं उलगडली.

"ह्या तांबड्या रेगा कशाच्या?" त्याने विचारलं.

"माझ्या," मी म्हणाले. "त्यांनी हे सगळं लिहिलं होतं. मी खोडलं. तुमच्याकडे आलं ते मी शिल्लक ठेवलेलं."

मला त्याने रागवायला हवं होतं. फार बरं वाटलं असतं. त्याने आपल्या पंच्याने बाक पुसला आणि म्हणाला, "वाचा."

मी रेघांखालचं वाचू लागले. गल्ली वाचली. नदीच्या कलमाशी तो हसला, "शिवी दिलती, व्हय, लई वंगाळ दिलती." मुलाच्या कलमाशी त्याने डोळे मिटून घेतले. आठवं पान संपलं आणि नववं वर आलं, जे मी कधी वाचलंच नव्हतं. त्यावर एकच कलम होतं.

"कलम एकतीस – वरील रकमेबद्दल वादीची काही तक्रार नाही. सबब मागणे की, प्रतिवादीने एक वेळ वादीचे घरी, दिवस मावळण्याच्या आत, जेवावयास यावे असा हुकूम व्हावा. खर्च वादी सोशील."

बाहेर मालगाडीचे डबे जोडत होते, त्याचे धक्के ऐकू येत होते.

"खाली तारीक घातलीया काय?" दादूने विचारलं.

मी वाचून दाखवली. त्याने बोटांवर वर्षं मोजली, मागे जात जात.

"त्या दिशी म्या हितंच हुतो," तो म्हणाला. "कुटं गेलो नव्हतो. आलो आस्तो."